आबांचा जाळीवाला हेडफोन

आबांनी मला खोली दिली ती माझ्या पायऱ्या चढण्याच्या आवाजावर.

मी मूळची नाशिकची. बारामतीत एका खासगी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची नोकरी लागली आणि कालव्याच्या पलीकडं एका घराच्या गच्चीवर बांधलेली खोली भाड्यानं मिळेल असं कुणीतरी सांगितलं. घरमालक ओट्यावर बसले होते. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, आणि मान जराशी डावीकडं कललेली, कुणीतरी कानात काही सांगत असल्यासारखी. लग्न झालंय का, मटण-मासे शिजवणार का, पाहुणे किती येतात, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी वाटेत तयार केली होती. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"जरा वर जाऊन या," ते म्हणाले. मग थोडं थांबून, अगदी त्याच सुरात, "जरा वर जाऊन या."

मला वाटलं खोली बघायला सांगतायत. वर गेले तर दाराला कुलूप. खाली आले तर आबा डोळे मिटून बसलेले.

"टाचा आपटत न्हाय तुमी," ते म्हणाले. "ऱ्हावा." आणि घराच्या आत तोंड करून त्यांनी सांगितलं, "म्याडम ऱ्हाणार हायत. म्याडम ऱ्हाणार हायत."

सगळं दोनदा सांगायची ही सवय नोकरीतून आली होती. आबांनी उभी हयात इंदापूरच्या एसटी स्टँडवर काढली. गाड्या आल्या-गेल्याची नोंद ठेवायची आणि माइकवरून पुकारा करायचा. अकलूजकडं जाणारी गाडी फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी लक्ष द्यावं. आणि पुन्हा तेच. रिटायर होऊन ते बारामतीत राहायला आले, माइक तिकडंच राहिला, पण दुसऱ्यांदा सांगणं सुटलं नाही. चहा झालाय, चहा झालाय. लाइट गेली, लाइट गेली. आवाज मात्र कधी चढवायचे नाहीत. काकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, म्हणायच्या, "पहिलं सांगणं स्टँडवरल्या माणसांसाठी आसतंय. मी दुसऱ्यावर उठती."

स्टँडवरच्या कर्ण्याचा आबांना मनापासून राग होता. "त्या कर्ण्यानं माझा आवाज आयुष्यभर पत्र्यात घालून लोकांना दिला," असं ते म्हणायचे. "माणूस घसा साफ करून नीट बोलतो, आन् भाईर पडतं ते डबा घसटल्यावानी." म्हणूनच की काय, चांगल्या आवाजाचा त्यांना ध्यास होता. कुठलीही वस्तू ते कानानं घ्यायचे. स्टीलची ताटली घेताना दुकानदारासमोर ती बोटावर तोलून नखानं वाजवायची, तिचा आवाज विरेपर्यंत थांबायचं, आणि मग मान हलवायची किंवा पुढची ताटली मागायची. एकदा त्यांनी नवा पंखा दुकानात परत नेला. दुकानदारानं तो लावून बघितला. पंखा मुकाट्यानं फिरत होता.

"याला काय झालंय, आबा?"

"मनातल्या मनात कुरकुरतोय."

दुकानदारानं पंखा बदलून दिला. वाद घालून उपयोग नसतो हे बाजारपेठेत बहुतेकांना माहीत होतं.

काकींशी लग्नही त्यांनी आवाजावरच ठरवलं. चौकशीच्या खिडकीला खाली हात जाईल एवढंच भोक होतं, त्यातून माणसाचं तोंड दिसत नसे. एका दुपारी त्या भोकातून एका मुलीचा आवाज आला, बावड्याच्या गाडीचं विचारणारा. आबांनी माइक उचलला आणि बावड्याची गाडी पुकारली. मग पुन्हा पुकारली. मग पुकारतच राहिले, कारण पुकारा चालू असेपर्यंत ड्रायव्हरला गाडी काढता येत नव्हती, आणि तेवढ्या वेळात त्यांना माइक हातात धरून दारातून बाहेर डोकावायचं होतं. डोकावले तेव्हा गाडीत चढणारी पाठमोरी मुलगी तेवढी दिसली. पुढं कंडक्टरकडून तिचं घर कळलं आणि घरच्यांना बोलणी करायला पाठवलं.

ही गोष्ट आबा सांगायला लागले की काकी आतून दुरुस्ती करायच्या. "मी गाडीचं इचारलंच न्हवतं. प्यायचं पाणी कुठं मिळंल, आसं इचारलं हुतं. ह्यांनी गाडीच पुकारली. तशीच तहानलेली बावड्याला गेले मी."

"बावडा म्हणाली हुतीस तू."

"पाणी म्हणाले हुते."

संसार पिकला, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तरी यावर एकमत झालं नव्हतं.

पुढच्या खोलीला लागून असलेल्या पडवीत आबांचा जुना डेक होता आणि दोन स्पीकर. संध्याकाळी ते तिथं बसून गाणी ऐकायचे. सनई, भावगीतं, ढोलकीची लावणी, आणि सगळ्यांत आवडतं म्हणजे त्यांच्या गावच्या, अंथुर्ण्याच्या, भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग. ते त्यांनी स्वतः तरुणपणी दोन माइकवाल्या टेपरेकॉर्डरवर केलं होतं आणि आता मोबाइलमध्ये उतरवून घेतलं होतं. ते लागलं की आबा माझ्याकडं बोट करून म्हणायचे, "आता ऐका. डाव्या अंगाला, मागं, एक टाळ उशिरा पडतो. माझा चुलता. आख्ख्या आयुष्यात त्याचा टाळ येळंवर पडला न्हाय." मला तो टाळ कधी ऐकू आला नाही. मी मान डोलवायची.

मग काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुढच्या खोलीत त्यांची कॉट टाकली. गोळ्यांनी त्यांना दिवसा झोप यायची आणि जरा आवाज झाला की डोकं ठणकायचं. आबांनी त्याच दिवशी डेकवर टॉवेल टाकला. हे कळल्यावर मुलीनं पुण्याहून हेडफोन पाठवला. भारीतला, बाहेरचा आवाज पार बंद करणारा. आबांनी तो कानांवर चढवला, आणि मी त्यांना इतकं हरखलेलं कधी पाहिलं नव्हतं. चार दिवस ते जेवायलाही तो काढून येत नव्हते.

एक दिवस मी कॉलेजातून लवकर आले. दार उघडंच होतं. काकी कॉटपाशी खाली फरशीवर बसलेल्या, वॉकर आडवा पडलेला. "पडले न्हाय, घसरून बसले," त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बसला होता. बराच वेळ हाका मारत होत्या. पलीकडच्या पडवीत आबा खुर्चीत डोळे मिटून, मांडीवर ताल धरून बसले होते. मध्ये एक भिंतसुद्धा नव्हती, नुसता उंबरा.

डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. गुडघ्याला काही झालं नव्हतं. पण काकींच्या मनात भीती बसली. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या ताई समजावून थकल्या, तरी काकी वॉकरला हात लावेनात. आणि आबांनी हेडफोन खोक्यात घालून मुलीकडं परत पाठवला.

"माझ्याच घरात मला हिची हाक ऐकू आली न्हाय," ते म्हणाले. मी दुसऱ्यांदा सांगण्याची वाट बघत होते. पण हे वाक्य त्यांनी एकदाच म्हटलं.

त्यानंतर ते दिवसभर काकींच्या उशाशी बसून राहायचे. गाणं नाही, ताटली वाजवणं नाही. मी जिना चढताना मुद्दाम टाचा आपटून बघितल्या, तरी काही बोलले नाहीत. शेवटी काकींनीच मला हाक मारली. "म्याडम, कायतरी करा. हे घर दवाखान्यावानी झालंय. ते आसं माझ्याकडं बघत बसल्यात की मला कूस बदलायची चोरी."

मी त्या संध्याकाळी आबांना सांगितलं की हेडफोनचा आणखी एक प्रकार असतो. कानावरच्या वाटीची मागची बाजू बंद नसते, तिथं जाळी असते. त्यामुळं गाणंही ऐकू येतं आणि घरातलंही ऐकू येतं. 'ओपन बॅक' म्हणतात त्याला. तोटा एवढाच की आतलं गाणं थोडं बाहेर सांडतं, आणि खालचे, खर्जातले आवाज जरा बारीक लागतात. पण गाणं डोक्यात कोंडल्यासारखं वाटत नाही, समोर पसरल्यासारखं वाटतं.

आबांनी मान आणखी डावीकडं कलवली. मग म्हणाले, "उभ्या उसात शिरलं की भाईरचं कायबी ऐकू येत न्हाय. आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. आन् ऊस तुटून गेला, रान मोकळं झालं, की पार कालव्यावर कोण काय बोलतंय ते बांधावर बसून ऐकू येतंय. तसं का?"

वर्गात हा विषय शिकवायची वेळ आली तर मी हेच सांगेन असं माझ्या मनात आलं. "तसंच," मी म्हणाले.

"मग तुटल्या उसाचा बघू," आबा म्हणाले. "तुटल्या उसाचा बघू."

दुसऱ्यांदा म्हणाले म्हणून मला फार बरं वाटलं.

बारामतीतल्या मोठ्या दुकानात आम्ही गेलो. विकणाऱ्या पोरानं उत्साहानं एक डबा उघडला. "काका, हा घ्या. बाहेरचं एक अक्षर ऐकू येणार नाही."

"मग नगो. भाईरचं ऐकू येणारा दावा."

"बाहेरचं ऐकायला हेडफोन कशाला लागतोय, काका?"

आबांनी त्याला स्टँडवर गाडी चुकलेल्या प्रवाशाशी बोलावं तितक्या मायेनं सगळं समजावून सांगितलं, दोनदा. पोरगं हसून म्हणालं, मागं भोकं असलेला पीस आला तर आम्ही तो डिफेक्टिव्ह म्हणून कंपनीला पाठवतो.

मग आम्ही इंदापूरला गेलो. स्टँडसमोर आबांच्या ओळखीचं मोबाइलचं दुकान होतं. तिथं खरंच एक जाळीवाला निघाला, काळा, चकचकीत, दिसायला मी वर्णन केला अगदी तसाच. मी खूश झाले. आबांनी तो हातात घेतला, एक वाटी आपल्या गालाला लावली आणि दुसऱ्या हातानं मला खूण केली. "म्याडम, जाळीवर फुंकर मारा."

दुकानात चार माणसं बघत होती. मी फुंकर मारली.

"गालाला वारा लागला न्हाय," आबा म्हणाले. "जाळी वरनं चिकटवल्याली हाय. आत भिंतच हाय." आणि त्यांनी तो अदबीनं काउंटरवर परत ठेवला. दुकानदार ओशाळून चहा मागवायला लागला.

शेवटी मी ऑनलाइन तीन मागवले, नको ते परत करता येतील असे. आबांची अट होती की एका बऱ्या मिक्सरच्या किमतीच्या वर जायचं नाही. "कान म्हातारं झाल्यात माझं. त्यास्नी लय भारीतलं कळायचं न्हाय," असं ते म्हणायचे, आणि पंख्याची मनातली कुरकुर ऐकणारा माणूस हे बोलतोय याचं मला हसू यायचं.

परीक्षा रविवारी सकाळी झाली. आबा पडवीत, पुढच्या खोलीत काकी कॉटवर, त्यांच्या हातात स्टीलची वाटी आणि चमचा. मी उंबऱ्यात उभी. आबा गाणं लावून डोळे मिटणार, काकी मनात येईल तेव्हा चमचा वाजवणार किंवा हाक मारणार, आणि आबांना ऐकू आलं की त्यांनी हात वर करायचा. आधी तिन्ही हेडफोनांवर मी फुंकर मारली. तिन्ही पास झाले.

पहिला आबांनी लगेच उतरवला. काकींचा चमचा ऐकू येत होता, गाणंही बरं होतं, पण पकड घट्ट होती. "ह्यो ऐकवत न्हाय, दाबतोय," ते म्हणाले. शिवाय कानावरच्या गाद्या रेक्झिनच्या. "वैशाखात ह्या गाद्यांत कान शिजतील."

दुसरा दिसायला दांडगा होता. मोबाइलला लावला तर आवाज लांबून, पडद्याआडून आल्यासारखा. मी सांगितलं की याच्या आतल्या तारेचा रोध जास्त आहे, त्याला रेटायला मोबाइलची ताकद पुरत नाही. डेकला लावून बघा. टॉवेल काढून डेकला लावला आणि आबांचा चेहरा बदलला. सनई ऐकताना त्यांनी हळूच उजवा हात पुढं केला, कुणीतरी समोर बसून वाजवतंय आणि त्याच्या गुडघ्याला हात लागेल असा. बराच वेळ ते तसेच होते. मी मनात म्हटलं, ठरलं.

हेडफोन उतरवून त्यांनी डेककडं पाहिलं, मग पुढच्या खोलीकडं. "डेक काय हितनं हालायचा न्हाय. आन् मी हितं आडकून ऱ्हायलो तर हिच्यापाशी कोण बसणार?" त्यांनी तो खोक्यात ठेवला. ठेवताना झाकणावरून एकदा हात फिरवला.

तिसरा साधा होता. वजनाला हलका, करडा, मखमली गाद्यांचा, तिघांत स्वस्त. मोबाइलला लावला. "डग्गा जरा उपाशी हाय," आबा म्हणाले, "पर बाकीची मानसं जागच्या जागी बसल्यात." आणि त्यांनी अंथुर्ण्याचं भजन लावलं. आतून काकींनी चमचा वाजवला, आबांनी हात वर केला. काकींनी अगदी हळू, "अवं," म्हटलं, आबांनी हात वर केला. मग काकींनी काही केलं नाही तरी आबांचा हात वर गेला.

"मी कायबी वाजवलं न्हाय," काकी म्हणाल्या.

आबांनी गाणं मागं नेलं, पुन्हा ऐकलं, आणि ते उठून काकींपाशी गेले. "अगं, ह्या भजनात बायका मागं बसल्या हुत्या. चुलत्याचा टाळ उशिरा पडला आन् कोणतरी खुदकन हसलं. तू हाइस. एवढ्या वर्षांत मला कधी ऐकू आलं न्हवतं. तू हसलीस."

त्यांनी हेडफोन काकींच्या कानांवर ठेवला. काकींनी डोळे बारीक करून ऐकलं. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडं बघत उभे.

"मी न्हाय ती," काकी म्हणाल्या. "तुमची थोरली भन. माझं तवा लगीन तरी झालं हुतं का?"

आबांनी मला साक्षीला बोलावलं. मी ऐकलं. हसणं होतं खरं, कुणाचं ते मी काय सांगणार. पण डाव्या अंगाला, मागं, उशिरा पडणारा तो टाळ मला त्या दिवशी स्पष्ट ऐकू आला, आणि मीसुद्धा हसले.

तिसरा ठेवला. बाकीचे दोन परत गेले.

आता आबा काकींच्या कॉटला खुर्ची लावून गाणी ऐकायला लागले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काकी झोपेतून जाग्या होऊन म्हणाल्या, "ते मघाचं पुन्यांदा लावा."

"कुठलं?"

"संपलं ते. सनईचं."

आबांनी हेडफोन उतरवला. "तुला ऐकू येतंय?"

"बारीक येतंय. लांब कुणाच्यातरी लग्नात वाजल्यावानी. डोकं दुखत न्हाय त्यानं."

हे गाणं सांडणं मी त्यांना तोटा म्हणून सांगितलं होतं. आबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी हिशेबात चूक केलेली विद्यार्थिनी आहे. त्या दिवसापासून काकींच्या फर्माइशी सुरू झाल्या. स्पीकरवर त्यांना गाण्याचा त्रास व्हायचा असं आम्ही समजत होतो, पण त्रास आवाजाचा होता. गाणी त्यांना आबांच्या इतकीच तोंडपाठ होती.

मग आबांनी एक उद्योग सुरू केला. तो त्यांनी मला जिन्यात गाठून, कुजबुजत सांगितला. "म्याडम, रोज खुर्ची एक फरशी लांब सरकवतोय. रोज एक फरशी. हिला कळू द्यायचं न्हाय. गाणं ऐकायचं आसंल तर तिला पाय खाली सोडायलाच लागतील."

आणि तसंच झालं. आधी काकी कॉटच्या कडेला येऊन बसायला लागल्या. मग वॉकर धरून उभ्या राहायला लागल्या, "नीट ऐकू येत न्हाय" म्हणून. खुर्ची उंबऱ्याशी गेली तेव्हा त्या भिंत धरून तिथपर्यंत आल्या. व्यायामाच्या ताई चकित झाल्या आणि त्यांनी सगळं श्रेय आपल्या व्यायामाला घेतलं. आबांनी घेऊ दिलं. खुर्ची पडवीत गेली. आबा रोज संध्याकाळी मला भेटायचे, बोटानं आज कुठवर ते दाखवायचे, आणि लहान मुलासारखे ओठ दाबून हसायचे.

एका सकाळी मी कॉलेजला निघाले तर पडवीत आबा उभे आणि त्यांच्या खुर्चीत काकी. हेडफोन काकींच्या कानांवर, डोळे मिटलेले, ऑपरेशन झालेल्या पायाचं पाऊल जमिनीवर ताल धरत होतं. वॉकर घरातच राहिला होता. मला बघून आबा गडबडले. ते म्हणाले, "चहा टाकतो. चहा टाकतो," आणि डोळे पुसत आत गेले.

मी काकींच्या शेजारी टेकले. त्यांनी एक डोळा उघडला, आबा आत गेल्याची खात्री केली, आणि हेडफोन न काढताच माझ्याकडं वाकल्या.

"त्यास्नी वाटतंय, मला कायबी कळत न्हाय," त्या हळूच म्हणाल्या. "रोज पहाटं खुर्ची वढत्यात. लोखंडी पाय हायत तिचं, फरशीवर केवढं कर्र वाजतंय. मी आपली डोळं मिटून पडून ऱ्हाते."

मला हसू आवरेना. "मग सांगत का नाही त्यांना?"

"आन् तुमीबी सांगू नगा," काकी म्हणाल्या. त्यांनी अंगणाच्या टोकाला असलेल्या लिंबाच्या झाडाकडं पाहिलं. "उद्या-परवा खुर्ची तिकडं न्हेतील. मला लिंबापातूर जायाचं हाय."